परदेशी निघण्याआधी एकदा कोर्लई गाठा

ऑगस्टमध्ये शिकायला परदेशी निघालेल्या रसायनीकर मित्रमैत्रिणींनो, बॅगा भरण्याआधी दोन दिवस काढाच! आपली पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते, आपणही तिच्यामागून निघायचं. पेण, अलिबाग, रेवदंडा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. इथे घाई नको. इथले पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीत मुरलेली बोली आजही बोलली जाते. परक्या भाषेत राहायला निघालेल्यांनी ती आधी ऐकावी, असं मला मनापासून वाटतं. कोर्लईच्या किल्ल्यावरून समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतात. पुढे काशीद, मुरूड. वेळ असेल तर आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसकट दिघी. पावसाळ्यात मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून मे महिन्यातच जाऊन या.