पहिले घर : विसारापासून किल्लीपर्यंत

जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहे. पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि नोकरीच्या निमित्ताने आणखी कुटुंबे येथे स्थिरावली. अशा कुटुंबांची उमेदीची वर्षे बहुधा सरकारी क्वार्टरमध्ये जातात. साहजिकच पहिल्या घराचा विचार पुष्कळदा पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू होतो. निवृत्तीनंतर क्वार्टर ठरावीक मुदतीत रिकामे करावे लागते, ही जाणीव त्यामागे असते. मग मदन महल स्थानकाच्या आसपास, ओळखीच्या शेजारात, एखादे जुने घर वा सदनिका दृष्टीस पडते आणि पाहताक्षणी मनात भरते.

या व्यवहारातील सर्वांत नाजूक क्षण हाच होय. ‘आणखी एक गिऱ्हाईक आहे’ असे मध्यस्थाने सांगितले की आनंदाची जागा धास्ती घेते आणि कागदपत्रे न पाहताच मोठी रक्कम विसार म्हणून दिली जाते. नंतरच्या निद्रानाशाचे मूळ कर्जापेक्षा या घाईतच अधिक असते. नव्या प्रकल्पांबाबत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिले आहे. विक्री करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. जुन्या घराच्या खरेदीत मात्र असे कवच नाही. तेथे विसार माफक असावा, आणि मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास तो परत मिळेल, ही अट पावतीवरच लिहून घ्यावी.

हक्कतपासणीचे दिवस ग्राहकाला फार लांबतात. बँक आपल्यावर अविश्वास दाखवीत आहे, असेही त्याला वाटू लागते. वस्तुतः बँकेचा वकील जे शोधत असतो, ते ग्राहकाच्याच हिताचे असते. जमीन खाजगी मालकीची आहे की नजूल पट्ट्याची, पट्ट्याची मुदत संपली आहे काय, पूर्वीचा एखादा बोजा शिल्लक आहे काय, वारसांपैकी कोणाची सही राहिली आहे काय, हे सारे तो पाहतो. ताबा म्हणजे मालकी नव्हे, हे मदन महलच्या रहिवाशांना वेगळे सांगावयास नको. गोंड राजा मदनसिंहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्याच्या टेकड्यांवरील अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०१९ च्या सुमारास हटविली गेली आणि अनेक कुटुंबांना तिलहरी येथे हलविण्यात आले. वीजबिल वा कराची पावती कितीही जुनी असली तरी ती विक्रीखताची जागा घेऊ शकत नाही.

जुन्या घराबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने शहरातील असंख्य घरांना तडे गेले. त्याआधीचे बांधकाम असल्यास रंगरंगोटीवर न भुलता स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. तिचा खर्च किमतीच्या मानाने नगण्य असतो.

त्यानंतर येते मंजुरीपत्र आणि बहुधा पहिली निराशा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. त्यावरील ७५ लाखांपर्यंतच्या कर्जांना ८० टक्क्यांची, तर त्याहून मोठ्या कर्जांना ७५ टक्क्यांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च या मूल्यात सर्वसाधारणपणे धरला जात नाही. भविष्य निर्वाह निधी किंवा दागिने यांकडे हात जातो तो येथेच, आणि पतीपत्नींमधील वादही येथेच होतात. पदराची रक्कम किती लागेल हे शाखेतील अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखविले, तर हा धक्का पुष्कळ सौम्य होतो. ‘कागद अपुरे आहेत’ एवढेच सांगून ग्राहकाला परत पाठविण्यापेक्षा कोणता कागद हवा आणि का, हे सांगावयास दोन मिनिटे अधिक लागतात, इतकेच.

किल्ली हाती आली तरी मन लगेच स्थिरावत नाही. २० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, असे उदाहरणादाखल समजू. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजातच जातात. दहा वर्षे फेड करूनही सुमारे १४.२ लाख मुद्दल शिल्लक राहते. वर्षअखेरीचा उतारा पाहून ‘आपण फसलो’ असे वाटते ते यामुळेच. त्यात फसवणूक नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर आकारले जाते, म्हणून आरंभी त्याचा वाटा मोठा असतो. पन्नाशीच्या कर्जदाराला मुदत दहाच वर्षांची मिळाली, तर हप्ता २५,३३५ रुपयांपर्यंत चढतो. मात्र एकूण व्याज सुमारे २३ लाखांवरून १०.४ लाखांवर उतरते. चल व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क २०१२ पासून घेता येत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या उपदानातून मुद्दलाचा काही भाग विनाशुल्क फेडता येतो.

घर आपले, पण मूळ विक्रीखत बँकेच्या तिजोरीत, ही रुखरुख अखेरपर्यंत राहते. १ डिसेंबर २०२३ पासून संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जदार हयात नसल्यास ती कागदपत्रे वारसांना कशी मिळतील, याची कार्यपद्धतीही बँकेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाची असते. कुटुंबीयांनी ती एकदा वाचून ठेवावी.