वीज गेल्यावर लागणारी वीज

पूर्व विदर्भातली बरीच वीज पश्चिमेकडे जाते ती वऱ्हाडावरून. तिरोड्याहून कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली ७६५ केव्हीची वाहिनी, पारसच्या औष्णिक केंद्रातले २५० मेगावॉटचे दोन संच, अमरावतीजवळ नांदगाव पेठेचं केंद्र आणि महापारेषणची मोठी उपकेंद्रं, असा हा पसारा. यांतल्या प्रत्येक केंद्रात आणि उपकेंद्रात एक खोली हमखास असते. दारावर धूम्रपानाला मनाई, भिंतीत एक्झॉस्ट फॅन, स्टँडवर ओळीनं मांडलेले दोन-दोन व्होल्टचे सेल. जवळच माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट उभं असतं. ते बॅटरी चार्जर.

वादळात झाड तारांवर पडलं की रिले दोष ओळखतो आणि ब्रेकर उघडायचा हुकूम देतो. तो हुकूम बजावणाऱ्या ट्रिप कॉइलला वीज लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी एसीचा भरवसा नसतो. म्हणून संरक्षणाची सगळी व्यवस्था डीसीवर चालते. औष्णिक केंद्रात तर आणखी मोठी जबाबदारी असते. मिनिटाला ३००० फेरे घेणारं टर्बाइन वाफ बंद केल्यावर लगेच थांबत नाही. ते थांबेपर्यंत बेअरिंगना तेल मिळालंच पाहिजे. एसीवरचे पंप थांबले, तर डीसीवरचा पंप ते काम करतो. तोही चालला नाही, तर बेअरिंग जळतात.

चार्जर तीन फेजची एसी घेतो, ट्रान्सफॉर्मरनं दाब उतरवतो, थायरिस्टरच्या ब्रिजमधून तिची डीसी करतो आणि चोक-कपॅसिटरनं ती सपाट करतो. एरवी तो फ्लोटवर असतो. द्रव आम्लाच्या सेलला साधारण २.२ व्होल्ट, म्हणजे ११० व्होल्टच्या संचातल्या ५५ सेलना मिळून १२१ व्होल्ट. उपकेंद्राचा रोजचा भार चार्जरच उचलतो आणि बॅटरीला फक्त तिची अंगची गळती भरून निघेल एवढाच प्रवाह देतो. बॅटरी खर्ची पडली, की बूस्ट. तेव्हा सेलमागे २.७ व्होल्टपर्यंत, म्हणजे संचाला जवळपास १४८ व्होल्ट मिळतात. एवढा दाब रिलेंना सोसत नाही. म्हणून बूस्ट वेगळ्या चार्जरनं देतात आणि तेवढा वेळ भार फ्लोट चार्जरवर ठेवतात. मध्येच एसी गेली, तर बॅटरीच्या मधल्या टॅपवरून डायोडमार्गे भाराला वीज मिळते, एका क्षणाचाही खंड न पडता.

वऱ्हाडातला उन्हाळा या यंत्रणेची कसोटी पाहतो. पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि सेलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ हिशोब आहे. बंदिस्त सेलना उन्हाळ्यातही हिवाळ्याचाच दाब दिला, तर ते आतून तापत जाऊन निकामी होतात. म्हणून चांगला चार्जर तापमान वाढलं की अंशामागे सेलला साधारण ३ मिलिव्होल्ट दाब कमी करतो.

सगळ्यात नाजूक काम मात्र देखरेखीचं. एसी गेली, दाब कमी-जास्त झाला, फ्यूज उडाला की हूटर वाजतो आणि दिवा लागतो. डीसीची धन आणि ऋण बाजू जमिनीपासून वेगळी ठेवलेली असते. एका ठिकाणी गळती झाली तर काहीच बिघडत नाही, पण दुसरी झाली की कुणी हुकूम न देता ब्रेकर पडू शकतो. म्हणून अर्थ फॉल्टचा इशारा पहिल्याच गळतीला येतो, आणि ती गळती तेव्हाच शोधायची असते.

तरीही एक गोष्ट पॅनेल लपवून ठेवतं. दोन सेलमधली जोडपट्टी सैल होऊन साखळी तुटली, तरी व्होल्टमीटर १२१ च दाखवतो, कारण तो दाब चार्जरचा असतो. बॅटरी गेल्याचं कळतं ते एसी गेल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणून नवे चार्जर ठरावीक वेळानं आपला दाब थोडा उतरवून बॅटरी भार उचलते का, ते पाहतात.

जुन्या पॅनेलवर बॅटरीवर लक्ष ठेवण्याचं काम यंत्रचालकाच्या हाती असतं. नमुना म्हणून निवडलेल्या पायलट सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून १.२ च्या आसपासचं विशिष्ट गुरुत्व बघणं, डिस्टिल्ड वॉटर घालणं, जोडांवरचा पांढरा क्षार पुसून व्हॅसलिन लावणं, आणि सगळं लॉगशीटमध्ये लिहिणं. ही कामं किरकोळ वाटतात म्हणून पुढे ढकलली जातात, आणि नेमकी तीच ढकलू नयेत. ट्रान्सफॉर्मर कोट्यवधींचा असतो, पण अडचणीच्या क्षणी त्याला वाचवणारा ब्रेकर चालतो तो याच सेलांच्या जोरावर.