मेंदू शाबूत, शरीर निश्चल

मेंदूला इजा झाली की शरीर लुळे पडते, हे सर्वपरिचित आहे. पक्षाघातात मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला तर उजवा हात आणि पाय निकामी होतात, कारण हालचालींचे आदेश नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत बाजू बदलतात. मेंदूला धक्काही न लागता सर्व शरीर निश्चल होण्याचा प्रकार मात्र तितकासा परिचित नाही. वारणा-कृष्णेच्या काठावर, पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या किंवा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या माणसाला सर्पदंशामुळे त्याचा धोका असतो.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेवर निर्बंध आले. पूजेविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्या मानाने विषाच्या कार्याविषयी फारच थोडे.

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. आदेश टोकाशी पोहोचला की तेथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे ते रसायन स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटून स्नायूचे आकुंचन घडवते. नागाच्या विषातील काही प्रथिने हे ग्राहीच अडवून बसतात. मण्यारीचे विष याहून कावेबाज आहे: ते ग्राही अडवतेच, शिवाय रसायन सोडणारे तंतूचे टोकही उद्ध्वस्त करते. तिचा दंश बहुधा झोपेत होतो, फारसा दुखत नाही आणि खूणही जेमतेम उमटते. त्यामुळे पहाटे पोटदुखीने जागा झालेला रुग्ण अपचनाचा समजला जाण्याची शक्यता असते.

याच कुळातील तैवानी मण्यारीच्या विषातून चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये वेगळे केलेले प्रथिन पुढे ग्राहींच्या अभ्यासाचे साधन ठरले, आणि ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या स्नायुदौर्बल्याच्या विकारात ग्राहींची संख्या घटलेली असते, हे १९७३ मध्ये त्याच्याच साहाय्याने दाखवता आले.

विषबाधेत प्रथम पापण्या झुकतात, मग बोलणे आणि गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वासपटल थकते. मण्यारीच्या विषाने तर बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसादही देईनाशा होतात, त्यामुळे रुग्ण मेंदूमृत भासतो. प्रत्यक्षात त्याला भोवतालचे बोलणे ऐकू येत असू शकते. म्हणून विषबाधेची शक्यता असताना मेंदूमृत्यूचा निर्णय घेणे घातक आहे.

मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारी प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, परंतु ती फक्त रक्तात फिरणारे विष निकामी करते. नागदंशात निओस्टिग्मिन हे औषध अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन रोखून ग्राहींसाठीच्या स्पर्धेत त्याचे पारडे जड करू शकते. मण्यारीने टोकच नष्ट केले असल्यास या औषधाचा विशेष उपयोग होत नाही, तंतू नव्याने वाढेपर्यंत, कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासावरच रुग्णाला जगवावे लागते. शिराळ्याहून कराड किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयाकडे नेताना तोंडावर मुखवटा लावून हाताने फुगा दाबत श्वास देत राहणे, हाच अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा उपचार असतो.