कॅमेऱ्याचे आकाशारोहण

उंचावरून पृथ्वीचे छायाचित्र घेण्याचा ध्यास मनुष्यास फार पूर्वीच लागला. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले. ११ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘एक्स्प्लोरर-२’ हा प्रचंड फुगा स्टीव्हन्स व अँडरसन या दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांना घेऊन ७२,३९५ फूट चढला व तेथून क्षितिजाची वक्रता छायाचित्रात उतरली. त्या उड्डाणामागे लष्कर आणि एक संपन्न भूगोलसंस्था उभी होती. ऑगस्ट २०१० मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका गृहस्थाने आपल्या सात वर्षांच्या मुलासह याहूनही उंचावरचे चलच्चित्र मिळविले. साहित्य काय, तर हवामान-निरीक्षणाचा रबरी फुगा, खाद्यपदार्थांचा थर्मोकोलचा डबा, छोटा कॅमेरा, मोबाइल फोन आणि हवाई छत्री!

त्यांचा फुगा ७२ मिनिटांत सुमारे एक लाख फूट, म्हणजे ३० किलोमीटर, चढला. भागाकार करून पाहावा: सेकंदास सात मीटर, सायकलस्वाराहून फारसा अधिक वेग नव्हे. त्या उंचीवर हवेचा दाब येथल्या शंभराव्या हिश्श्याइतका उरतो. त्यामुळे आतील वायू फुलत जातो, फुग्याचा व्यास सुमारे चौपट होतो आणि अखेर रबर फाटते. म्हणूनच फुगा जमिनीवर टम्म भरावयाचा नसतो. वायू अधिक भरला तर फुगा वेगाने चढतो, पण लवकर फुटतो. कमी भरला तर रेंगाळतो आणि वाऱ्याबरोबर दूर जातो. वाटेत उणे ५० अंशांची थंडी भेटते. तीत विद्युत्‌घट मंदावतात. यास्तव डब्यात हात शेकण्याच्या रासायनिक पुड्या ठेवितात. वर आकाश काळे आणि पृथ्वीची कड वाकलेली दिसते. हे अवकाश मात्र नव्हे. त्याची रूढ सीमा १०० किलोमीटरवर आहे.

आमच्या मते या छंदाचे खरे मर्म चढण्यात नसून परतण्यात आहे. चित्र डब्यातच असते. डबा हरवला की सारे गेले. फोनला उंचावर संदेशवहन मिळत नाही. स्थाननिर्देशक यंत्रांपैकी काही १८ किलोमीटरांच्या वर मुकी होतात. त्या काळात हाती असते ते केवळ गणित. वातावरणाचे एकेक किलोमीटर जाडीचे थर कल्पावेत. सेकंदास सात मीटर वेगाने एक थर ओलांडण्यास सुमारे १४३ सेकंद लागतात. त्या थरात वारा सेकंदास ३० मीटर वेगाने वाहत असेल, तर फुगा तेवढ्यात सव्वाचार किलोमीटर सरकतो. अशी प्रत्येक थराची बेरीज, दिशेसह, करावयाची. उतरतानाची पुन्हा निराळी. हे काम घरातील मुलांनी वहीत करावे, वडिलांनी तपासावे. छंदाचा निम्मा आनंद येथेच आहे. ब्रुकलिनकर पितापुत्रांनी सुमारे आठ महिने तयारी केली होती. त्यांचा डबा सुमारे ३० मैलांवर सापडला, तोही झाडावर ५० फूट उंच अडकलेला!

आपल्याकडे असा प्रयोग करण्यापूर्वी विमानवाहतुकीच्या अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी लागते, आणि ते रास्तच आहे. विमानांची वाट याच आकाशातून जाते. फुगे आपणांस अपरिचित नाहीत. हवामानखाते दररोज असे फुगे सोडते, आणि हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून-केंद्र आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथून गेलेले एक मोठे यंत्र विकाराबाद जिल्ह्यातील शेतात उतरले, तेव्हा ते पाहण्यास गावकऱ्यांची झुंबड उडाली. अशा पेट्यांवर पत्ता लिहिलेला असतो. एखादी पेटी आपल्या शिवारात दिसल्यास ती उघडू नये. काहींत उच्च दाबाची वीज असते. पोलिसपाटलास अथवा लिहिलेल्या पत्त्यावर वर्दी द्यावी, म्हणजे कोणाची तरी वाट पाहणे संपेल.