मॅक्रो चालला, एरर नाही. तरी निम्मे मेल जागेवरच! नेमकं चुकतं कुठं?

बेळगाव : अकाउंटंटचं ऑफिस असो, ट्रान्सपोर्ट असो की सहकारी सोसायटी, आउटलूकमध्ये हजारोंनी मेल साचलेले असतात. बँकेचे अलर्ट, जाहिराती, रोज येणारे तेच ते रिपोर्ट. एकेक निवडून काढण्यापेक्षा कुणीतरी दहा ओळींचा मॅक्रो लिहून देतो. तो चालतो, एररही येत नाही. पण फोल्डर उघडून बघावं तर निम्मे मेल तिथंच. मग संशय नेटवर, सर्व्हरवर, नाहीतर कॉम्प्युटरवर. खरं तर यांपैकी कुणाचाच दोष नसतो. चूक असते ती मोजणीच्या दिशेत.

रांग सरकते, मोजणाराही सरकतो

फोल्डरमधले मेल म्हणजे नंबर लावून उभी असलेली रांग समजा. आउटलूकमध्ये हे नंबर १ पासून सुरू होतात. मॅक्रोने पहिला मेल डिलीट केला की दुसरा लगेच पहिल्या जागेवर येतो, तिसरा दुसऱ्या जागेवर. पण मॅक्रोचं बोट आता २ नंबरवर गेलेलं असतं. म्हणजे तो मूळचा तिसरा मेल बघतो. मूळचा दुसरा त्याच्या नजरेतून सुटला तो सुटलाच.

फोल्डरमध्ये १० मेल असतील तर १, ३, ५, ७, ९ जातात आणि ५ उरतात. पुन्हा चालवला की २ उरतात, मग १, आणि चौथ्या खेपेला फोल्डर रिकामा. १०० मेल असतील तर सात खेपा लागतात. ‘तीनचारदा बटण दाबलं की होतं साफ’ असं ऑफिसात ऐकू येतं, त्यामागचं गणित हे असं आहे.

एरर दिसते किंवा दिसत नाही

‘फॉर ईच’ पद्धतीचा लूप असेल तर तो गुपचूप मेल गाळतो, काहीच सांगत नाही. १ पासून एकूण संख्येपर्यंत नंबराने जाणारा लूप असेल तर निम्म्यावर ‘अॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’ अशी एरर येते. कारण एकूण संख्या सुरुवातीला एकदाच मोजली जाते. १० पैकी ५ मेल गेल्यावर सहावा मागितला, तर तो आहेच कुठं?

ही एरर त्रासदायक वाटली तरी कामाची आहे. ती बंद करायला काहीजण ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ घालतात. त्याने फक्त तक्रार बंद होते, दुखणं तसंच राहतं.

आणखी एक फसगत आहे. तारखेची किंवा पाठवणाऱ्याची अट लावून डिलीट करताना, काढायचे मेल विखुरलेले असतील तर मॅक्रो अगदी बरोबर चालल्यासारखा वाटतो. कारण सुटलेला मेल मुळात काढायचाच नसतो. काढायचे मेल ओळीने लागून आले की मगच चूक उघडी पडते. त्यामुळे चाचणीत पास झालेला मॅक्रो महिन्याभराने फसू शकतो.

उपाय : शेवटाकडून मोजा

लूप शेवटच्या नंबरापासून सुरू करा आणि १ पर्यंत उलटा आणा; म्हणजे ‘स्टेप’ उणे १ ठेवा. दहावा काढला तरी नववा नवव्याच जागी राहतो. जे मेल सरकतात ते आधीच तपासून झालेले असतात. मेल डिलीट न करता दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचे असतील तरी हाच नियम, कारण रांग तेव्हाही सरकते.

उलटं जाऊनही मॅक्रो अडला तर दोन गोष्टी बघा. इनबॉक्समधली प्रत्येक वस्तू साधा मेल नसते. मीटिंगचं निमंत्रण, न पोचलेल्या मेलची सूचना हेही त्यात असतं. म्हणून व्हेरिएबल ‘मेलआयटम’ प्रकारचं न ठेवता ‘ऑब्जेक्ट’ ठेवा आणि आधी प्रकार तपासा. दुसरं, फोल्डरची ‘आयटम्स’ यादी एकदाच व्हेरिएबलमध्ये घ्या. दरवेळी नव्याने मागितली तर आधी लावलेला क्रम टिकत नाही.

जीमेलसाठी अॅप्स स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. सर्चमधले पहिले १०० संवाद ट्रॅशमध्ये टाकून पुढची खेप १०० पासून मागितली, तर वर सरकलेले १०० सुटतात. तिथं दर खेपेला ० पासूनच मागायचं.

ताळमेळ कसा घालाल?

‘सुरुवातीचे वजा डिलीट झालेले बरोबर उरलेले’ हा हिशोब इथं पुरत नाही. १० पैकी ५ गेले, ५ उरले, हिशोब जुळला. चूक मात्र तशीच! म्हणून आधी डिलीटची ओळ बंद ठेवून अटीत बसणारे मेल किती, ते फक्त मोजा. विषय आणि तारीखही छापून बघा. मग प्रत्यक्ष डिलीट झालेली संख्या तेवढीच आहे का ते पाहा. पहिला प्रयोग वेगळ्या फोल्डरमध्ये, मेलच्या कॉपीवर करा.

मेल उरतात म्हणून अटच ढिली करणं सगळ्यात धोक्याचं. तारखेची अट काढली आणि त्यात खरेदीची बिलं गेली तर? जीएसटी कायद्याने हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, आणि आजकाल बरीच बिलं मेलमध्येच येतात.

चुकून गेलेले मेल आधी ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये शोधा. तिथूनही गेले असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ऑफिस मेलबॉक्समध्ये ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ असतं. त्याची नेहमीची मुदत १४ दिवस. अॅडमिन ती ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो. तेव्हा लक्षात आल्याआल्या शोधायला लागा.

आणि हो, विंडोजवरच्या नव्या आउटलूकमध्ये हे व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत. मॅक्रोचा पर्यायच सापडत नसेल तर शोधत बसू नका. जुनं, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलूक उघडा.