गॅसचा भाव आणि परकी हात: कझाकस्तान, जानेवारी २०२२

सोव्हिएत संघातून फुटलेल्या एखाद्या देशात लोक रस्त्यावर उतरले, की आपण लगेच विचारतो: यामागे कोण, अमेरिका की रशिया? हा प्रश्न आधी विचारला तर काय निसटतं, ते आपण आज कझाकस्तानात पाहू.

१ जानेवारी २०२२ला तिथे एलपीजीवरचं भावनियंत्रण उठलं. लिटरला साधारण ६० टेंगे असलेला दर १२०वर गेला. पश्चिमेकडच्या मंगिस्ताऊ प्रांतात बहुतेक गाड्या याच गॅसवर चालतात. दुसऱ्याच दिवशी झानाओझेन या तेलाच्या गावात लोक जमले. जिथे डिसेंबर २०११मध्ये संपकरी तेल कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, तेच हे गाव. म्हणजे राग जुना होता, गॅस हे निमित्त.

तीन दिवसांत लोण अल्माटीला पोचलं. ५ जानेवारीला तिथली प्रशासकीय इमारत पेटली, विमानतळ ताब्यातून गेला. राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा घेतला, सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षपदावरून जुने सर्वेसर्वा नझरबायेव यांना हटवलं आणि रशियाप्रणीत सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे सैन्य मागितलं.

आता इथे नीट लक्ष द्या. ही संघटना सदस्य देशावर बाहेरून आक्रमण झालं तर धावून जाण्यासाठी आहे. २०१०मध्ये किर्गिझस्तानने मदत मागितली, तेव्हा रशियाने तो त्यांचा अंतर्गत मामला ठरवला होता. म्हणजे सैन्य हवं, तर शत्रू परका हवा! तोकायेव म्हणाले, अल्माटीवर २० हजार दहशतवाद्यांनी हल्ला केला. ७ जानेवारीला इशारा न देता गोळी घालण्याचा हुकूम सुटला. किर्गिझस्तानच्या एका जॅझ वादकाला सुजलेल्या चेहऱ्याने टीव्हीवर आणलं, पैसे घेऊन आल्याचं वदवून घेतलं. मग सोडूनही दिलं. सरकारी आकड्यानुसार २३८ माणसं गेली. त्यात गाडीत बसलेली चार वर्षांची एक मुलगीही होती.

पुढे सरकारनेच आपल्या गुप्तचर खात्याच्या माजी प्रमुखाला, मासिमोव यांना, राजद्रोहासाठी १८ वर्षांची शिक्षा दिली. मग कट बाहेरचा होता की घरातला?

आणि रशियाला काय मिळालं? सैन्य १९ जानेवारीपर्यंत परतलं. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी युक्रेन युद्ध पेटलं. जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला, पुतिन शेजारी बसले असताना, तोकायेव यांनी दोनेत्स्क आणि लुहान्स्कला मान्यता द्यायला नकार दिला. मोठ्या सत्ता छोट्या देशांना वापरतात हे खरंच. पण छोट्या देशांचे सत्ताधारीही मोठ्यांना वापरून घेतात.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली, की आधी तीन गोष्टी विचारूया. लोकांनी काय मागितलं होतं? गोळी कोणी चालवली? आणि मेलेल्यांना दहशतवादी ठरवून कोणाची सुटका झाली? महासत्तांचा प्रश्न त्यानंतर विचारला, तर त्याचं उत्तरही जास्त खरं मिळतं.