लेजंडरी वस्तू कितीला द्यायची? हाय लेव्हल गेममधल्या जादूचा भाव

राजूरहून तुमचा डीएम बोलतोय. ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना घेतलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी आहे तसंच आहे.

प्रश्न एका श्रोत्याचा. त्याची पार्टी सोळाव्या लेव्हलला पोचली आहे, सगळ्यांकडे सोनं साचलंय आणि फायटर म्हणतो, मला हेल्म ऑफ टेलिपोर्टेशन विकत घ्यायचंय, कितीला देतो बोल. डीएम बिचारा पुस्तक उघडून बसलाय. काय सांगू?

पुस्तकात काय आहे ते आधी पाहू. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, भाव वस्तूच्या दुर्मिळतेवर ठरतो. कॉमन ५० ते १००, अनकॉमन १०१ ते ५००, रेअर ५०१ ते ५,०००, व्हेरी रेअर ५,००१ ते ५०,०००, आणि लेजंडरी ५०,००० च्या वर कितीही. हे सगळं सोन्याच्या नाण्यांत. २०२४ च्या पुस्तकात पट्टे काढून एकेक आकडा दिला : १००, ४००, ४,०००, ४०,००० आणि लेजंडरीला २ लाख.

दिसायला छान आहे. पण ब्रूम ऑफ फ्लाइंग बघा, उडणारा झाडू. २०१४ च्या पुस्तकात तो अनकॉमन आहे, म्हणजे जास्तीत जास्त ५०० नाणी. अट्यूनमेंट लागत नाही, दिवसभर उडा. आता त्याच पुस्तकातलं पोशन ऑफ फ्लाइंग बघा. एकदा प्यायचं, तासभर उडायचं, संपलं. ते व्हेरी रेअर आहे! एकदाच वापरायची वस्तू म्हणून भाव अर्धा केला तरी अडीच हजारांच्या वर जातं. म्हणजे एका वेळचं तिकीट गाडीपेक्षा महाग. काहून बाप्पा?

कारण दुर्मिळता आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या राजूरच्या माणसाला हे कोळशावरून समजावता येतं. २०१२ पासून कोल इंडियाचा कोळसा त्यातल्या उष्णतेवर मोजतात, जी-१ ते जी-१७ अशा १७ ग्रेड, ३०० किलोकॅलरीचा एकेक टप्पा. ते चालतं, कारण कोळशाला शेवटी एकच काम आहे : जळायचं. एक आकडा काढला की भाव लावता येतो. जादुई वस्तूला असा एक आकडा नसतो. एक वस्तू मारते, एक वाचवते, एक भिंतीपलीकडे नेते. त्यांची उष्णता कुठल्या मीटरवर मोजणार?

मीटर बनवायचा प्रयत्न झाला होता, आणि मला तो मनापासून आवडतो. आवृत्ती ३.५ मध्ये चक्क सूत्र होतं. शस्त्राच्या बोनसचा वर्ग करा, २,००० ने गुणा. म्हणजे +१ तलवार २,००० ची, +२ वाली ८,००० ची, +५ वाली थेट ५०,००० ची. वर्ग का? कारण वरच्या लेव्हलला पैसा सरळ रेषेत वाढत नाही, उसळी घेतो. विसाव्या लेव्हलच्या पात्राकडे ७,६०,००० नाण्यांची मालमत्ता असावी असं त्या आवृत्तीचं कोष्टकच सांगायचं. तलवारींपुरतं हे गणित झकास बसतं.

पण सूत्र आलं की जुगाडही येतो. कायम चालणाऱ्या मंत्राच्या वस्तूचं सूत्र होतं : मंत्राची लेव्हल गुणिले टाकणाऱ्याची लेव्हल गुणिले २,०००. मेज आर्मर हा पहिल्या लेव्हलचा मंत्र, चिलखताचे +४ देतो. सूत्राने तो मनगटपट्ट्यात कायमचा भरायला लागतात २,०००. आणि त्याच पुस्तकात +४ देणारे तयार मनगटपट्टे आहेत १६,००० चे. एकच माल, एकच फायदा, आठपट फरक. पाथफाइंडरच्या पुस्तकाने हेच उदाहरण देऊन डीएमला सांगितलंय की सूत्र शेवटी बघायचं, आधी तसल्याच कामाची तयार वस्तू शोधायची. माझ्या मते त्या अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे.

आता हाय लेव्हलची खरी भानगड. तिथं सोनं हे चलनच राहत नाही. २०१४ च्या पुस्तकात १७ च्या वरच्या चॅलेंजचा खजिना म्हणजे बारा फासे गुणिले हजार सोन्याची नाणी, अधिक आठ फासे गुणिले हजार प्लॅटिनमची. सरासरी काढली तर एका खजिन्याचे ३,२२,००० होतात. असे आठ खजिने कॅम्पेनमध्ये मिळतील असा पुस्तकाचा अंदाज आहे. चौघांत वाटले तर प्रत्येकी सहा लाखांच्या वर. घेणार काय? दुकानातलं सगळ्यात महाग चिलखत १,५०० ला मिळतं. मोठा किल्ला बांधायला ५ लाख आणि १,२०० दिवस, तो कोण बांधत बसतो!

एक गंमत सांगतो. पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड. म्हणजे २ लाख सोन्याची नाणी भरतात ४,००० पौंड, अठराशे किलो. तुमचा फायटर ट्रॉली घेऊन आला पाहिजे दुकानात.

म्हणून श्रोत्याला माझं उत्तर : हेल्मचा भाव सोन्यात सांगूच नको. ५,००० सांगितले काय नि २ लाख सांगितले काय, तो देऊन मोकळा होईल आणि खरी किंमत बाकीचे तिघं भरतील. हेल्म ऑफ टेलिपोर्टेशन पुस्तकात नुसतं रेअर आहे, तीन चार्ज, रोज पहाटे एक ते तीन परत येतात. +३ चिलखत मात्र लेजंडरी. पण +३ चिलखताने काय होतं? मार खाणारा गडी थोडा कमी मार खातो. हेल्म आलं की प्रवास संपला. वाळवंट, पहारे, नदीवरचा पूल, वाटेतली दरोडेखोरांची टोळी, सगळं गेलं. रेंजर वाट शोधायचा, त्याला काम नाही. रोग कुलपं उघडायची, तिलाही नाही.

आणि ही गोष्ट हलकी नाही, निदान आमच्याकडे नाही. पुण्या-मुंबईत एक प्लेअर गेला तर दुसरा मिळतो. इथं आमच्या टेबलावर दोघांच्या शिफ्ट बदलत राहतात, एकीला वणीवरून यावं लागतं, चौघं एका वेळी जमतात ते महिन्यातून दोन रविवार. त्या तीन तासांत एखाद्याला करायलाच काही उरलं नाही तर तो भांडत नाही, तक्रार करत नाही. पुढच्या वेळी त्याला काम निघतं. मग आणखी पुढच्या वेळी पण निघतं. चौथा माणूस गेला की राजूरमध्ये खेळ बंद.

त्यामुळे मी वस्तू देण्याआधी विचार करतो तो एवढाच : ही कुठली अडचण कायमची मिटवते, आणि ती अडचण सोडवणं कोणाचं काम होतं? कोणाचंच नसेल तर बिनधास्त द्या. बेल्ट ऑफ स्टॉर्म जायंट स्ट्रेंग्थ लेजंडरी आहे, ताकद २९ करतो, पण फायटर आधीही मारतच होता, आता जोरात मारतो. कोणाचं पोट भरायचं थांबत नाही. कोणाचं काम जात असेल तर किंमत दुसऱ्या कशात तरी लावायची.

कशात, हे आपल्या गोष्टींनी फार आधी सांगून ठेवलंय. कर्णाची वासवी शक्ती आठवा. इंद्राने ती सोन्यात विकली नाही, कवचकुंडलं घेतली. जन्मापासूनचं संरक्षण द्या, त्या बदल्यात एकच शस्त्र, एकदाच चालेल. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च करावी लागली. एक चार्ज, आणि तो कधी वापरायचा याच्यावर अख्खं युद्ध फिरलं. स्यमंतक मणी उलट्या प्रकारचा. रोज आठ भार सोनं देणारा, कोणत्याही अर्थव्यवस्थेची वाट लावेल असा. पण तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन गेला, आळ कृष्णावर आला, शेवटी सत्राजितही जिवाला मुकला. वस्तू कितीही ताकदीची असू द्या, ती लोकांची नजर ओढून घेत असेल तर ती आपोआप बॅलन्स होते.

पाचव्या आवृत्तीतलं अट्यूनमेंट हे त्याच जातीचं आहे. एका वेळी तीनच वस्तू, चौथी हवी तर एक सोडा. मला तो नियम सगळ्या भावपत्रकांपेक्षा शहाणा वाटतो, कारण तिथं प्लेअर पैशाने नाही, दुसऱ्या आवडत्या वस्तूने किंमत मोजतो.

मग आमच्या टेबलावर हेल्मचं काय केलं? टेलिपोर्ट मंत्राच्या मजकुरातच एक सोय आहे. जिथं जायचं तिथून गेल्या सहा महिन्यांत उचललेली एखादी वस्तू जवळ असेल तर नेम चुकत नाही. मी तीच सोय सक्तीची केली. वस्तू नसेल तर हेल्म चालणारच नाही. सोन्याचा भाव शून्य ठेवला, एका जळत्या खाणीतल्या आत्म्याकडून काम करून मिळालं.

झालं असं की रोगचा भाव वधारला. प्रत्येक नव्या शहरात ती आधी काहीतरी ढापते : देवळाच्या पायरीचा खडा, राजवाड्यातला चमचा, तुरुंगाच्या दाराचा खिळा. रेंजरने या सगळ्याची पिशवी सांभाळायला घेतली, कुठला खडा कुठला आणि कधीचा ते तोच वहीत लिहितो. सहा महिने उलटले की खडा मेला, मग परत पायी जायचं आणि नवा आणायचा. फायटरकडे हेल्म आहे, पण तिघांच्या जिवावर.

याच श्रोत्याने शेवटी विचारलंय की डेक ऑफ मेनी थिंग्जचा भाव किती धरू. भाऊ, ती पत्ते विकू नकोस. कुठल्याच आकड्याला नाही. एका पत्त्याने किल्ला मिळतो, दुसऱ्याने आत्मा उडतो, आणि ज्याचा आत्मा उडाला तो रात्री अकराच्या पुढं घरी जाताना तुझ्याशी बोलत नाही. द्यायचीच असेल तर कॅम्पेनच्या शेवटच्या रविवारी, सगळ्यांना विचारून, जेवणं झाल्यावर.